आठल्यांची पोळी

“फोटो हवे तेवढे काढा, पण स्वयंपाकघरात पाऊल टाकायचं नाही,” श्रीनिवास आठल्ये म्हणाले आणि मधल्या दारात दोन्ही हात चौकटीला लावून उभे राहिले.

मी चपला बाहेर काढून त्यांच्या गार फरशीवर ट्रायपॉड उघडत होते. म्हटलं, बरं, नाही येत आत. जी बाई स्वयंपाक करते तिला बाहेर बोलवा. पुस्तकात प्रत्येक खानावळीचं एक ताट आणि ते रांधणाऱ्या माणसाचा एक फोटो, असं ठरलेलं आहे, तुम्हाला फोनवर सांगितलंही होतं. आठल्ये म्हणाले, हो हो, माझी मिसेस तयार होतेच आहे.

ही गोष्ट वाईची, बऱ्याच वर्षांपूर्वीची. पुण्यातल्या एका प्रकाशकाला खानावळींवर जाडजूड, गुळगुळीत कागदाचं पुस्तक काढायचं होतं आणि त्याचे फोटो माझ्याकडे होते. त्या निमित्ताने मी गावोगावच्या खानावळी पालथ्या घालत होते. बार्शीला एक मालक स्वतःच डोक्यावर उंच पांढरी टोपी घालून, डाव हातात घेऊन उभा राहिला. त्याच्यामागे खरा आचारी बनियनला घाम पुसत होता. मी मालकाला बाजूला सरकवून आचाऱ्याचा फोटो काढला, तर मालकाने मला जेवायलासुद्धा विचारलं नाही. कऱ्हाडच्या आचाऱ्याने काळा गॉगल लावल्याशिवाय फोटो काढू देणार नाही असा हट्ट धरला. लाव बाबा म्हटलं, तुझा फोटो आहे. माझा नियम एवढाच होता, जो रांधतो त्याचाच फोटो. आमचे संपादक मला भांडकुदळ म्हणायचे. असेन. राग तेव्हा माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा, आताही तो तिथून फारसा हललेला नाही.

आठल्ये भोजनगृहाचं नाव होतं ते पुरणपोळीमुळे. महाबळेश्वरला जाणाऱ्या गाड्या खास त्या पोळीसाठी वाईत थांबायच्या. पोळी ताटाबाहेर लोंबेल एवढी मोठी आणि इतकी पातळ, की आतलं पुरण बाहेरून दिसायचं, तरी कुठे फाटलेली नसायची. आठल्यांच्या आईंनी खानावळ सुरू केली होती. त्या जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण भिंतीवर त्यांचा हार घातलेला फोटो होता आणि त्याखाली ठळक अक्षरांत रंगवलेलं होतं, ‘आठल्यांची पोळी’.

मी लाईट लावत होते तेवढ्यात आठल्यांनी चौकशी सुरू केली. रंगारी आडनाव म्हणजे मूळच्या कुठल्या तुम्ही?

“नागपूरची,” मी म्हटलं. “आणि तुम्ही जे विचारायचं टाळताय तेही सांगून टाकते. बौद्ध आहे मी.”

त्यांचे कान लाल झाले. छे छे, आम्ही तसलं काही मानत नाही, असं म्हणत त्यांनी एकदा मागे वळून स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. मी मनात म्हटलं, झालं, आता ह्यांना चुलीची काळजी लागली.

मग सुनीतावहिनी आल्या. पैठणी, नथ, केसांत गजरा आणि हातात झारा. पुरणपोळीचा आणि झाऱ्याचा काय संबंध, हे मी विचारलं नाही, कारण बाई स्वभावाने गोड होती आणि बिचारीला त्या साडीत उकडत होतं. मी त्यांना पोळपाटाशी बसवलं आणि लाटणं हातात दिलं, तर त्या हळूच म्हणाल्या की मला पोळी लाटताच येत नाही हो, मी गल्ल्यावर बसते. मग करतं कोण? जोशीकाकू करतात, असं त्या म्हणाल्या आणि आठल्यांनी खाकरून त्यांना गप्प केलं.

जोशीकाकू जुन्या वळणाच्या आहेत, ते सांगायला लागले. सोवळ्यात असतात, परक्या माणसासमोर येत नाहीत, फोटोचं तर नावच काढायला नको. पुस्तकात सौ. सुनीता आठल्ये असंच छापायचं, शेवटी घर एकच आहे. मी म्हटलं, मग पुस्तकात तुम्ही नाही. मी पिशवी आवरायला घेतली तसे ते नरमले. पुस्तकात नाव यावं अशी त्यांना फार हौस होती. निदान ताटाचा फोटो तरी घ्या, पोटभर जेवा, मग बघू, असं म्हणाले. भूक मलाही लागली होती, म्हणून थांबले.

ताट मात्र त्यांनी सुरेख मांडलं. डावीकडे मीठ, लिंबाची फोड, चटणी, कोशिंबीर. उजवीकडे अळूची भाजी, बटाट्याची भाजी, वाटीत कटाची आमटी. मध्ये वरण-भाताची मूद. आमच्या धंद्यात पदार्थ चकचकीत दिसावा म्हणून त्यावर काय काय फासतात, ते ऐकलंत तर जेवण जाणार नाही. मी तसलं करत नसे. पोळी तेवढी गरम हवी होती, वाफ दिसली पाहिजे, म्हणून मी स्वयंपाकघराच्या भिंतीतल्या वाढपाच्या खिडकीसमोर कॅमेरा लावून बसले. पोळी त्या खिडकीतूनच बाहेर येणार होती.

लेन्समधून आत पाहिलं तर चेहरा दिसत नव्हता. दिसत होते ते कोपरापर्यंतचे दोन हात. त्या हातांनी पोळी थोडी लाटली, पोळपाटावरून उचलली आणि ह्या हातावरून त्या हातावर, परत ह्या हातावर, अशी झुलवत झुलवत पार कोपरापर्यंत वाढवली. मग तव्यावर अलगद सोडली.

मी बटण दाबायचं विसरले. वाईत पोळी अशी करत नाहीत. अशी पोळी माझी आई करायची. नागपूरला इंदोऱ्यात, रस्त्याच्या कडेला चुलीवर मडकं उलटं ठेवून ती त्यावर लांब पोळ्या टाकायची आणि विकायची. आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायका तेच करायच्या. मडक्याच्या धगीने तिच्या हातांची आतली बाजू भाजून भाजून गुळगुळीत झाली होती, तिथे लवसुद्धा उगवत नसे. खिडकीतले हात आतून तसेच चकाकत होते. आता, खानदेशातल्या बायकाही मांडे असेच हातावर करतात, हे मला ठाऊक होतं. तरी मी उठले.

जेवणाऱ्यांची गर्दी व्हायला अवकाश होता. आठल्ये गल्ल्याशी कुणाशी तरी बोलत होते. मी भिंतीला वळसा घालून परसात गेले आणि नळाशी उभी राहिले. थोड्या वेळाने ती हात धुवायला बाहेर आली. साठीला टेकलेली, काटक बाई, डोक्यावरून पदर घेतलेला. मी मुद्दाम आमच्या बोलीत विचारलं की मावशी, हे हातावरची पोळी कुठं शिकल्या तुम्ही?

ती जागच्या जागी थांबली. आधी माझ्याकडे पाहिलं, मग गळ्यातल्या कॅमेऱ्याकडे.

“कोणाची वं तू?”

“रंगारीची. इंदोऱ्याची.”

“मंग हळू बोल,” ती म्हणाली आणि मला नळापलीकडे, लाकडं रचून ठेवली होती तिथे घेऊन गेली.

तिचं नाव वत्सला टेंभुर्णे, भंडाऱ्याकडची. नवरा इकडे साखर कारखान्यात कामाला लागला म्हणून आली. नवरा वारला, आणि मुलगी पदरात घेऊन ती आठल्यांच्या आजारी आईची सेवा करायला ह्या घरात राहिली. म्हातारी अंथरुणाला खिळलेली होती. पहिल्याच दिवशी तिने जात विचारली, वत्सलाने सांगितली. म्हातारी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, दुसऱ्या दिवशीही बोलली नाही, आणि मग एकदम पाणी मागितलं. त्यानंतर ती पलंगावरून सांगायची आणि वत्सला चुलीशी करायची. आमटीत गूळ किती, अळूत ताक कधी, सगळं तसंच शिकली. पोळी मात्र म्हातारीची जाड असायची. ती पातळ केली वत्सलाने, आपल्या माहेरच्या पद्धतीने. म्हातारीने चाखली आणि आता अशीच करत जा म्हणाली.

पुढे म्हातारी गेली. पातळ पोळीचा गवगवा झाला, गिऱ्हाईक वाढलं. लोक विचारायला लागले की स्वयंपाकाला कोण आहे, तेव्हा आठल्यांनी तिला समजावलं. जोशी सांगू या, नावाने काय बिघडतं, तुमचं-आमचं दोघांचं चालतंय ना? मुलगी लहान होती. वत्सला हो म्हणाली आणि त्या दिवसापासून ती जोशीकाकू झाली.

माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, चला आत्ताच्या आत्ता. दारात चांगला उजेड आहे, उभ्या राहा, मी फोटो काढते आणि खाली खरं नाव छापते. आठल्यांना काय करायचं ते करू दे.

“तुह्या रागानं माही चूल पेटत नाही, पोरी,” ती म्हणाली. “तू फोटो काढून चालली जाशीन. मले उद्या सकाळी इथंच कणीक भिजवाची हाय.”

बरोबरच होतं तिचं. माझं काय जाणार होतं? तिचं काम जाणार होतं, डोक्यावरचं छप्पर जाणार होतं. मग काय, पोळीखाली सुनीता आठल्ये छापू, असं मी जरा तोऱ्यातच विचारलं. ती पदराला हात पुसत राहिली. मुलगी आता नर्स झाली होती, चंद्रपूरला. ती असलं पुस्तक हमखास विकत घेईल, असं वत्सला म्हणाली. पानं उलटून आई कुठे आहे ते शोधेल आणि तिला दिसतील पैठणी नेसलेल्या वहिनी. एवढं बोलून ती आत निघून गेली. मला ना हो म्हणाली, ना नाही म्हणाली.

थोड्या वेळात भोजनगृह भरलं. साताऱ्याचं एक कुटुंब होतं, टॅक्सीचे काही ड्रायव्हर होते, दोन-चार गावातले होते. त्यांत दामले मास्तर. निवृत्त हेडमास्तर, गावात शब्दाला मान, आणि वाढपाच्या खिडकीजवळची जागा त्यांची ठरलेली. आठल्यांनी मला मुद्दाम त्यांच्या शेजारी बसवलं, म्हणजे ते पुस्तकासाठी दोन शब्द सांगतील. मास्तर तयारच होते. त्यांनी पोळीवर तुपाची धार ओतून घेतली, पहिला घास डोळे मिटून खाल्ला आणि माझ्याकडे वळले.

“लिहून घ्या,” ते म्हणाले. “ही पोळी कृती वाचून येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या सोवळंओवळं पाळलेलं असावं लागतं, तेव्हा हाताला ही चव येते. उद्या कुणीही उठेल आणि करीन म्हणेल, तर नाही जमायचं त्याला. हे रक्तातच असावं लागतं.”

मी तोंड उघडलं. जे बोलणार होते ते इथे लिहिण्यासारखं नाही. पण मी बोलायच्या आत मधलं दार उघडलं आणि वत्सला बाहेर आली.

डोक्यावरचा पदर खांद्यावर आला होता. दोन्ही हातांवर अर्धी वाढवलेली कच्ची पोळी होती, ती खाली ठेवायचंही तिला सुचलं नसावं. जेवणाऱ्यांपैकी कुणीही तिला आजवर पाहिलेलं नव्हतं. आठल्ये गल्ल्यावरून काकू, काकू करत उठले.

“काकू नाही. वत्सला टेंभुर्णे,” ती म्हणाली. आवाज चढवला नव्हता, पण शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेला. “भंडाऱ्याची. बौद्ध.” मग ती मास्तरांकडे वळली. “मास्तर, तुमी खाऊन राहिले ते पोळी माही हाय. रक्तात असा लागते म्हणता, तं बरोबर हाय तुमचं. माह्या मायच्या हातची हाय ते.”

साताऱ्याच्या गृहस्थाने बायकोकडे पाहिलं, बायकोने ताटाकडे पाहिलं, आणि दोघं उठून हात धुवायला गेले. गावातला एक जण त्यांच्यामागून गेला. ड्रायव्हर लोक जेवत होते तसेच जेवत राहिले, एकाने तर आमटी मागितली. मास्तरांच्या हातात घास होता. तो त्यांनी ताटाच्या कडेला ठेवला, नीट, उष्टं सांडू नये असा, आणि उठले. श्रीनिवास, तू हे सांगायला हवं होतंस, असं त्यांनी आठल्यांना सुनावलं. आठल्यांनी हात जोडले.

“पानात टाकून उठू नका, मास्तर,” वत्सला म्हणाली. “इतकी वर्षं जेवले तुमी माह्या हातचं. झालं काही?”

नळाशी मास्तरांनी हात धुतले, चूळ भरली, परत हात धुतले आणि काठी घेऊन निघून गेले.

वत्सला माझ्याकडे वळली. “काढ आता फोटो,” ती म्हणाली. “पोळी वाळून राहिली.”

मी अशी धडपडत उठले, की पाण्याचा तांब्या लवंडला. दारातला उजेड एका बाजूनेच येत होता, दुसऱ्या बाजूने उजेड परतवायला पांढरा थर्माकोलचा तक्ता कुणीतरी धरायला हवा होता. मी इकडेतिकडे पाहतेय तोवर सुनीतावहिनी गल्ल्यामागून आल्या, पैठणीचा पदर खोचला आणि तक्ता उचलला. कुठे धरू, एवढंच विचारलं. आठल्ये अहो अहो करत राहिले, पण वहिनींनी तिकडे पाहिलंसुद्धा नाही. मी वत्सलाला हसायला सांगितलं नाही आणि ती हसली नाही. पोळीतून दारातला उजेड दिसत होता. ह्या वेळी बटण दाबायचं मी विसरले नाही.

गिऱ्हाईक पांगल्यावर आठल्ये आमच्यासमोर बसले. माणूस दुष्ट नव्हता, घाबरट होता. मी कधी भेद केला का, ते म्हणत होते, घरच्यासारखं ठेवलं, मुलीच्या शिक्षणाला मदत केली, आता गावात कुणी फिरकणार नाही, तेवढा फोटो काढून टाका. वत्सलाने सगळं ऐकून घेतलं.

“तुमी वाईट वागले असं मी म्हणणार नाही,” ती म्हणाली. “पण माहं नाव गिळलं तुमी. ते मले वापस पाहिजे.”

मग तिने विचारलं की उद्या येऊ का नको. मी म्हटलं, आठल्ये, त्यांना नको म्हटलंत तर पोळी करणार कोण, वहिनी? त्यावर वहिनींना हसू आलं आणि त्यांनी तोंडावर पदर धरला. आठल्यांनी या म्हणून मान हलवली.

संध्याकाळी पुण्याहून संपादकांचा फोन आला, आठल्यांनी तिथेही रडगाणं गायलं होतं. संपादक म्हणाले, फोटो उत्तम असणार, प्रश्नच नाही, पण खाली नुसतं ‘वत्सलाताई’ छापू, आपुलकीचं वाटतं. आडनावाने उगाच वेगळा सूर लागतो. मी म्हटलं, बार्शीच्या आचाऱ्याचं आडनाव छापताय, कऱ्हाडच्या गॉगलवाल्याचं छापताय, मग टेंभुर्ण्यांनाच आपुलकी कशाला? पूर्ण नाव, नाहीतर माझा एकही फोटो तुमच्या पुस्तकात दिसणार नाही. ते चिडले, मी त्यांच्यापेक्षा जास्त चिडले. छापलं शेवटी. वत्सला टेंभुर्णे, अशी दोन शब्दांची ओळ त्या फोटोखाली आजही आहे.

ही गोष्ट ऐकून लोक मला हमखास विचारतात, मग खानावळ बुडाली का हो? नाही बुडाली. महाबळेश्वरच्या गाड्यांना पोळीशी मतलब. गावातले काही जण पुन्हा आले, काही कधीच आले नाहीत. पण मला सांगायचंय ते दुसऱ्या दिवसाचं.

दुपारच्या एसटीने मी निघणार होते, त्याआधी वत्सलाचा निरोप घ्यायला गेले. बाहेर जेवायला दोन-तीनच माणसं होती. आत तिने रोजच्याएवढीच कणीक भिजवली होती, पुरणही तेवढंच. मला कुणी अडवलं नाही, मी सरळ स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसले आणि पोळी खात होते. वहिनी ताटं पुसत होत्या.

तेवढ्यात परसातल्या दाराशी दामले मास्तरांची सून येऊन उभी राहिली. पदराखाली स्टीलचा डबा होता. ती फार संकोचली होती. बाबा कालपासून धड जेवलेले नाहीत, म्हणाली, कुठलंच काही तोंडाला लागत नाही. चार पोळ्या द्या. त्यांनीच पाठवलंय, पण कुठे बोलू नका म्हणाले.

आठल्यांनी बाहेरून ऐकलं असणार, ते लगबगीने आत आले आणि त्यांचा चेहरा एकदम उजळला. द्या की, द्या, चार काय सहा द्या, म्हणाले. वहिनींनी सुनेच्या हातातून डबा घेतला आणि झाकण उघडलं. वत्सलाने तव्यावरची पोळी उतरवली, हात पुसले आणि वहिनींच्या हातून तो डबा काढून घेतला. सुनेशी ती वाईच्या भाषेत बोलली, अगदी जोशीकाकू बोलत असतील तशी.

“मास्तरांना म्हणावं, पोळी गरम आहे. त्यांची जागाही रिकामी आहे. समोरून या आणि सगळ्यांच्यात बसून जेवा. लपवून न्यायला पोळी मिळणार नाही.”

सून म्हणाली, ते नाही हो यायचे.

“मग नाही,” वत्सला म्हणाली.

डबा तसाच परत जाणार हे कळल्यावर सुनीतावहिनींचा जीव खालीवर झाला. कुणाच्या घरचा डबा रिकामा परत पाठवायचा नाही, ही आपल्याकडे घरोघरची रीत. काही नसलं तर चिमूटभर साखर तरी टाकतात. माझी आईही टाकायची. वहिनींनी साखरेची बरणी काढली, चमचा भरला आणि डब्यापर्यंत नेला. वत्सलाने त्यांचं मनगट धरलं.

“आज रिकामाच जाऊ द्या, वहिनी,” ती म्हणाली.

तिने झाकण घट्ट बसवलं, डबा सुनेच्या हातात दिला आणि पुढची पोळी लाटायला घेतली.